खेळायची टोपी

सुभाननं लाकडी मोगरी उचलली आणि गेणबाच्या डोक्यात घातली.

"लागलं?"

"न्हाई."

"खरं सांग."

"निस्ता आवाज आला. कुणी दार वाजवल्यागत."

सुभाननं दुसरी जरा जोरात घातली. गेणबा स्टुलावर बसला होता. सोडलेलं पागोटं त्यानं मांडीवर गोळा केलं होतं आणि त्याच्या डोक्यावर कानापर्यंत येणारी, तपकिरी चामड्याची, वरून पट्ट्या शिवलेली एक अजब टोपी होती. केडगाव स्टेशनजवळच्या सुभानच्या पत्र्याच्या शेडबाहेर दोघं-तिघं बघे थांबले होते. एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याला मोगरीनं बडवायचं आणि बडवून घेणाऱ्यानं खुशाल मान डोलवायची, हा प्रकार काही रोज बघायला मिळत नाही.

"बास करा हो मामा," पुण्याहून आलेली अंकिता हसत म्हणाली. "त्या शोकेसमध्ये मांडायच्यात. कुणी कुणाच्या डोक्यात काही घालणार नाहीये."

"टोपी हाय ना? मग डोकं वाचलं पायजे," सुभान म्हणाला. "न्हाईतर तिला टोपी कशापायी म्हणायचं?"

सुभानच्या घराण्यात घोड्यांची खोगिरं व्हायची. घोडी गेली तसे बैलांचे पट्टे आले, बैल कमी झाले तसे कमरेचे पट्टे आणि बॅगा आल्या. आता अंकिताच्या कंपनीनं भलतंच काम आणलं होतं. अमेरिकेत फुटबॉल म्हणून एक दांडगा खेळ असतो. त्या खेळात शंभर वर्षांपूर्वीचे गडी घालायचे, तसल्या टोप्या तिकडच्या हौशी लोकांना दिवाणखान्यात ठेवायला हव्या होत्या. टोपीच्या आत लोकरीचा जाड थर लागायचा. लोकर भिजवून, लाटून, थापून तिचं जेन, म्हणजे घट्ट गादी, करणारा माणूस त्या भागात शोधावा लागला आणि तो कासुर्डीला सापडला. गेणबानं मेंढरं विकून बरीच वर्षं झाली होती, पण हातांना काम आठवत होतं.

त्यानं टोपी काढली आणि उलटी करून आतली आपणच थापलेली लोकर दाबून पाहिली.

"ह्ये घालून करत्यात काय पर?"

अंकितानं समजावून सांगितलं. दोन बाजूंना माणसं उभी राहतात, एकाच्या काखेत चेंडू असतो आणि समोरचे मान खाली घालून त्याच्यावर धावून जातात.

"एडक्यांची टक्कर," गेणबा म्हणाला. त्याला खेळ कळला.

"तसंच समजा. पण सुरुवातीला डोक्यावर काहीच नसायचं. केस वाढवायचे म्हणे, तेवढीच गादी. मैदानावर माणसं मरायची, आबा. मग नौदलाच्या शाळेतला एक मुलगा होता. त्याला इतके मार बसले होते की डॉक्टरनं सांगितलं, आता खेळ बंद. डोक्याला अजून एक बसला तर मरशील, नाहीतर वेडा होशील. तर तो गेला जोडे शिवणाऱ्याकडे आणि आपल्या डोक्याच्या मापाची टोपी शिवून घेतली. असं सांगतात. कुणी म्हणतं, पहिली टोपी दुसऱ्याच कुणाची. पण सुरुवात अशीच कुठंतरी झाली."

"लोक हसली आसत्याल त्याला."

"हसणारच. टोपी म्हणजे भित्रेपणा वाटायचा कित्येकांना. पुढं चाळीस-पन्नास वर्षं सक्तीसुद्धा नव्हती. हातपाय मोडून घेतील, पण टोपी नको."

"आन् त्यो? मेला?"

"नाही हो. चांगला म्हातारा होऊन गेला. मोठा अधिकारी झाला."

गेणबानं पागोटं बांधायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबला.

"सुभानभाई, एक मला करून दे."

"तुला?"

"हिला."

सुभाननं मोगरी खाली ठेवली. बाहेरच्या बघ्यांना त्यानं हातानंच जायला सांगितलं.

ही म्हणजे गेणबाची बायको, भामाबाई. गेल्या उन्हाळ्यापासून तिला फिट यायला लागली होती. पहिली आली तेव्हा ती शेरडांना पाणी पाजत होती. पडली ती नेमकी दगडी डोणीच्या कडेवर, आणि डावं कानशील फुटलं. शेजारपाजारचे कांदा, चप्पल, जे हाताला लागलं ते तिच्या नाकाशी धरत होते आणि रक्त वाहत होतं. दौंडच्या डॉक्टरनं टाके घातले, गोळ्या दिल्या आणि गेणबाला बाहेर बोलावून सांगितलं, की गोळ्यांनी कमी होईल, पण बंदच होईल असं नाही. नाकाला काही लावायचं नाही, कुशीवर निजवायचं. आणि ही जागा जपा. परत इथंच लागलं तर मी काही सांगू शकत नाही.

गेणबानं जपलं. आडावर जायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, एकटीनं रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. मुलगा हनुमंत रांजणगावच्या कंपनीत कामाला होता आणि बायकोमुलांना घेऊन शिरूरला राहायचा. सुट्टीला तो यायचा आणि आणखी एखादी गोष्ट बंद करून जायचा. भाकऱ्या गेणबा थापायचा. जाड, काठाला कच्च्या. भामाबाई त्या मुकाट्यानं खायची.

हे मुकाट्यानं खाणंच त्याला खात होतं. उभ्या आयुष्यात तिनं कधी मुकाट्यानं काही केलं नव्हतं. मेंढरांमागं मुलुख पालथा घालताना, पालात, पावसात, पाठीवर पोर बांधून चालताना तिचं तोंड सुरूच असायचं. आता ती ओट्यावर बसायची. सकाळी खुरपायला जाणाऱ्या बायकांचा टेम्पो दारावरून जायचा, आणि त्यातून सिंधूबाई ओरडायची, "बरी हाईस का गं, भामे?"

"हाय बरी."

टेम्पो वळणाआड जाईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहायची. मग गेणबा तिच्यापुढं चहा ठेवायचा. तोही ती मुकाट्यानं प्यायची.

टोपीचं माप त्यानं ती दुपारची झोपली असताना घेतलं, वीत टाकून. नुसत्या नजरेनं मेंढराचं वजन सांगणारा माणूस तो, पण बायकोच्या डोक्याला फसला. झोपताना ती बुचडा सोडते आणि जागेपणी तो मानेवर चांगला मुठीएवढा असतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्यामुळे टोपी घरी आली आणि भामाबाईच्या डोक्यावर गाडग्यासारखी वरच्या वर बसली.

पण ती डोक्यावर जायच्या आधीच एक भांडण झालं.

"कशाची म्हनायची ही?"

"कातड्याची. आत लोकर हाय, म्याच थापल्याली."

"कातडं डोक्यावर घालू?" तिनं टोपी ओट्यावर ठेवली आणि हात पदराला पुसले. "पायातलं डोक्यावर? बिरोबाच्या देवळात जाऊ कशी ह्ये घालून?"

"बिरोबाम्होरं ढोल वाजतुया, त्यो कशाचा आसतुया?"

भामाबाई अडली. पण अडून राहणारी ती नव्हे.

"ढोल देव ऐकतुया. डोक्यावर घालून बसत न्हाई."

इतक्या दिवसांनी ती भांडतेय, याचंच गेणबाला इतकं बरं वाटलं, की आपण हरतोय याचं त्याला काही वाटेना. त्यानं मग नुसतं माप बघायचं म्हणून टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि अमेरिकेची गोष्ट काढली. त्याच्या गोष्टीत ते गडी धनगराच्या पोरांसारखे झाले, मैदानाचं माळरान झालं आणि चेंडू कोकरासारखा काखेत आला. पण मधला जीव तोच राहिला. एक पोरगा, त्याच्या डोक्याला बसलेले मार आणि डॉक्टरचा शब्द.

"आदी समदी केसच वाढवायची," तो म्हणाला. "तेवढाच आडोसा."

"मग माझा बुचडा हाय की."

"बुचडा मागं हाय. तुला लागलंय म्होरं."

ती थोडी हसली. टोपी अजून डोक्यावर तशीच वर बसलेली होती.

"मग? टोपी घातली त्यानं?"

"घातली तर. लोक हसली, पर घातली. आन् जगला की म्हातारा होस्तवर."

"आन् टोपी घालून घरी बसला?"

गेणबाला खोटं बोलता आलं असतं. त्याला ते सुचलं नाही.

"न्हाई. खेळाया गेला. खेळायचं व्हतं म्हनून तर शिवून घेतली त्यानं."

टोपी काढून तिनं मांडीवर घेतली, पट्टा ओढून पाहिला, आतली लोकर बोटांनी चाचपली. मग तिनं ती नवऱ्याच्या हातात दिली.

"मागं बुचड्यापुरतं भोक पाडून आणा."

गेणबाला वाटलं, आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो केडगावला पोचला. सुभाननं बुचड्यासाठी मागं गोल खाच कापली आणि तिच्या काठाला मऊ गोट लावला. त्याची बायको शहजादी हिनं आत गेणबानं बरोबर आणलेल्या भामाबाईच्याच जुन्या लुगड्याचं अस्तर घातलं, म्हणजे कातडं अंगाला लागायचं नाही आणि घामही शोषला जाईल. डाव्या कानशिलावर सुभाननं लोकरीचा आणखी एक थर दिला. "ह्या जागेवर मोगरी न्हाई, घण घाल," तो म्हणाला. पैशाचं नाव काढलं तर त्यानं गेणबाकडे असं पाहिलं, की गेणबानं पुन्हा काढलं नाही.

भामाबाई टोपी घालायला लागली. वर पदर घेतला की कुणाला काही कळत नसे, फक्त डोकं जरा मोठं वाटायचं. गेणबा पहिल्यांदाच दुपारचा निवांत झोपला. मधे एकदा जाग आली तेव्हा ती अंगणात शेरडांना पाला टाकत होती आणि त्यानं तिला हटकलं नाही. एवढं सैल सोडायला आता हरकत नव्हती.

मग एका सकाळी त्याला जाग आली ती भाकरी थापल्याच्या आवाजानं. चूल पेटली होती. चुलीपुढं भामाबाई होती, डोक्यावर टोपी, पदर कमरेला खोचलेला. शेजारी फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा बांधून ठेवला होता, त्यावर खुरपं.

"कुठं?"

"खुरपाया. कांद्याचं रान हाय. सिंधीला सांगून ठिवलंय मी."

"डोकं ठिकाणावर हाय का तुजं?"

"हाय की. म्हनून तर घातलीया."

"डाक्टर काय म्हणला, ठाव हाय न्हवं?"

"त्या पोराला बी डाक्टर म्हणलाच व्हता. खेळू नगंस म्हनून. तुमीच सांगितलं."

आपलीच गोष्ट अशी अंगावर येईल, हे गेणबाला माहीत नव्हतं.

"म्या टोपी केली ती तू पडू ने म्हनून."

"टोपीनं पडायचं थांबतंय व्हय?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "पडणार तर हायेच मी. रानात पडंन, न्हाईतर ओट्यावर पडंन. हितं बसून मी जास्ती दिस जगंन, त्ये मला बी कळतंय. पर जगून करू काय? रोज टेम्पो जातुया आन् मी बघती. मेल्यावानी वाटतंय मला."

गेणबा तिच्यापाशी खाली बसला. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन होता. हनुमंताला फोन केला असता तर तो दुपारपर्यंत येऊन आईला घरात बसवून गेला असता. तेवढा एक उपाय गेणबाच्या हातात होता.

"मला भ्या वाटतंय," तो म्हणाला.

"मला बी वाटतंय." तिनं तवा उतरवला आणि त्याच्याकडे हनुवटी वर केली. "ह्यो पट्टा तेवढा लावा. माझ्या हातानं बक्कल लागत न्हाई."

त्यानं हात धोतराला पुसले. बक्कल बारीक होतं, बोटं जाड होती. ती डोळे मिटून थांबली. पट्टा फार आवळला जाऊ नये म्हणून त्यानं तिच्या हनुवटीखाली बोट घालून पाहिलं, एक घर सैल केलं, पुन्हा पाहिलं. नीट बसला होता. तरी त्यानं हात लगेच काढला नाही.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

टेम्पोत दहा-बारा जणी होत्या. सिंधूबाईनं हात देऊन भामाबाईला वर ओढलं आणि तिच्या पदराखालचा फुगवटा बघून म्हणाली, "भामे, डोक्यात काय घातलंस गं?"

भामाबाईनं सरळ पदर मागं टाकला.

"टोपी. अमेरिकेचं पैलवान घालत्यात तसली."

मग सगळ्या जणी अशा हसल्या, की ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. भामाबाईनं त्यांचं हसणं संपू दिलं.

"हसून झालं? आता ऐका," ती म्हणाली. "मी पडले तर घाबरायचं न्हाई. कांदा न्हाई लावायचा, चप्पल न्हाई लावायची. तोंडात काय घालायचं न्हाई. कुशीवर निजवायचं आन् गप बसायचं. उठती मग माझी मी."

आता कुणी हसत नव्हतं. सिंधूबाईनं सरकून तिला जागा केली. "बस हितं, माझ्यापाशी," ती म्हणाली, आणि टेम्पो निघाला.

गेणबाचा तो दिवस सरता सरेना. त्यानं लोकर भिजवली आणि लाटायला बसला, तर एक जेन लाटता लाटता इतकं पातळ करून ठेवलं, की सुभाननं ते हातातही धरलं नसतं. शेरडं चरायला नेली आणि निम्म्या वाटेवरून परत आणली. जेवण केलंच नाही. कांद्याचं रान कुणाचं, कुठल्या अंगाला, हे विचारायचं राहिलं म्हणून तो स्वतःवर चिडला. विचारलं असतं तर तिथंच जाऊन बांधाआड बसला असता, हेही त्याला ठाऊक होतं. बरं झालं विचारलं नाही, असंही मग त्याला वाटलं. ऊन उतरायला लागलं तसा तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. कुणी विचारलं तर सांगायला एक शेरडू त्यानं दाव्याला धरून बरोबर घेतलं होतं.

टेम्पो आला. सकाळसारखा गलका त्यात नव्हता. सिंधूबाई आधी उतरली. तिनं भामाबाईच्या कोपराला धरून तिला खाली घेतलं, मग हात सोडला, गेणबाकडे एकदा पाहिलं आणि परत वर चढली.

भामाबाई घरापर्यंत आपल्या पायानं चालत आली. ओट्यावर बसली, पाणी मागितलं. गेणबानं तांब्या दिला आणि पट्टा सोडायला वाकला, तेव्हा त्याला दिसलं. टोपीच्या डाव्या बाजूला, जिथं सुभाननं जास्तीचा थर दिला होता बरोबर तिथंच, तळहाताएवढी काळी माती बसली होती. चिखल वाळून घट्ट झाला होता. त्यात हरळीची एक काडी अडकलेली होती, आणि कातड्यावर ढेकळाचा आडवा ओरखडा उठला होता.

त्याला आधी बक्कल दिसेना. मग दिसलं. टोपी काढून त्यानं बाजूला ठेवली. तिचे केस घामानं चिकटले होते. कानशिलावरचा जुना व्रण कोरडा होता. त्यानं त्यावर तळहात ठेवला आणि तिनं ठेवू दिला.

"जरा येळ लिंबाखाली निजवलं मला सिंधीनं," ती पाणी पिऊन म्हणाली. "मग उठून दोन वाफं केलं म्या."

"दोन?"

"तिसरा सिंधी करू देईना. तिला काय व्हतंय सांगायला? तिचं निम्मं गवत रानातच ऱ्हातं. आन् मुक्ताबाईची थोरली सून आली व्हती आज, पयल्यांदाच. खुरपं कसं धरत्यात ठाव न्हाई आन् म्हणं..."

ती सांगत राहिली. मुक्ताबाईच्या सुनेचं, बांधावरच्या भांडणाचं, कुणाच्या डब्यातल्या कालवणात मीठच नव्हतं त्याचं. गेणबानं टोपी मांडीवर घेतली आणि माती नखानं हळूहळू खरवडत ऐकत बसला. उद्या जाऊ नको, हे शब्द पार दातांपर्यंत आले होते.

"उद्याच्याला टेम्पो लवकर येणार हाय," बोलता बोलता ती म्हणाली. "रान लांबचं हाय."

गेणबानं हरळीची काडी ओढून काढली. टोपी उलटी करून अस्तराला वारा लागेल अशी भिंतीशी ठेवली.

"कवा उठवू?" त्यानं विचारलं.